उभ्या ओळींतले तीळ: बोतेन अखेर जागेवर बसले

उभ्या ओळींचं जपानी पान ब्राउझरमध्ये दिसायला लागल्यावर या महिन्यात बोतेन हाती घेतले, म्हणजे शब्दावर जोर द्यायला अक्षरांशेजारी छापायचे ठिपके. कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, चौकोनात बांधलेली असते, तिरकी केली की तिचा तोलच जातो. म्हणून जपानी छपाईत प्रत्येक अक्षराला एकेक ठिपका देतात: उभ्या मजकुरात उजवीकडे, आडव्यात डोक्यावर. उभ्या मजकुरातला नेहमीचा ठिपका ‘गोमा’, म्हणजे तीळ. एका टोकाला निमुळता, अगदी तिळासारखाच. माझा सगळ्यांत लाडका.

मजकूर आओझोरा बुनकोचा, म्हणजे जपानी साहित्याच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयाचा. तिथल्या साध्या फायलींत ठिपके नसतात. शब्दानंतर चौकटी कंसात ‘अमुकला बोतेन’ अशी सूचना असते. माझी स्क्रिप्ट तो ‘अमुक’ ओळीच्या सुरुवातीपासून शोधायची. एका ओळीत ‘कोरे’ (म्हणजे ‘हे’) दोनदा आलं, तीळ पहिल्यावर बसले आणि वाक्याचा रोखच बदलला. ही चूक सापडायला दोन रात्री गेल्या. आता शोध सूचनेपासून मागे जातो.

सूचनांमध्ये प्रकारही बरेच: पांढरा तीळ, त्रिकोण, फुली, दुहेरी वर्तुळ, आणि ‘जा नो मे’, म्हणजे सापाचा डोळा. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेच्या ‘टेक्स्ट-एम्फसिस’मध्ये भरीव दुहेरी वर्तुळ निवडलं की हा डोळा हुबेहूब मिळतो. फुली मात्र अक्षर म्हणून हाताने द्यावी लागली. नुसतं ‘फिल्ड’, म्हणजे भरीव, लिहिलं तर उभ्या मजकुरात तीळ आणि आडव्यात वर्तुळ ब्राउझर आपणहून निवडतो. ही सोय करणाऱ्यांना छपाईची खरी जाण आहे.

ओळींच्या अंतराने मात्र दमवलं. ठिपका अक्षराच्या निम्म्या मापाचा. अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं तेव्हा ठिपके असलेल्या ओळी बाजूला सरकून पान वेडंवाकडं झालं. दुप्पट केल्यावर दोन्ही बाजूंना अर्ध्या अक्षराची जागा सुटली आणि सगळ्या ओळी समान अंतरावर आल्या.

प्रस्तावना मराठीत आहे, तिथेही हौसेने ठिपके लावून पाहिले आणि लगेच काढले. शिरोरेषेवरचा ठिपका म्हणजे आपल्याकडे अनुस्वार. ‘गज’वर जोर द्यायला जावं तर ‘गंजं’ वाचलं जातं. तिथे ठळक अक्षरंच ठेवली.

राहिलं फुरिगानाचं. उच्चार सांगणारी ती बारीक अक्षरंही उजवीकडेच येतात, त्यामुळे तीळ त्यांच्या पलीकडे ढकलले जातात आणि दुप्पट अंतरही अपुरं पडतं. अशा चार ओळी पानावर आहेत. पुढचं काम त्यांचंच.