उतारावरचा पहिला ट्रॅक्टर

पाटण तालुक्यातील आमच्या डोंगरउतारावरच्या ताली, म्हणजे पायऱ्यांसारखी शेते, अरुंद असल्याने मोठा ट्रॅक्टर तेथे वळत नाही, म्हणून यंदा आम्ही १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. बैलांमागे चालण्याची सवय असलेल्या माझे पहिले आठ दिवस केवळ उतरणे शिकण्यात गेले. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि मध्येच क्लच दाबू नये, कारण क्लच दाबताच इंजिनाचा रोध सुटतो व यंत्र स्वतःच्या वजनाने धावू लागते, हे मला ठाऊक होते. तरीही घाबरलेला पाय एकदा क्लचवर गेलाच, आणि ट्रॅक्टर बांधाअलीकडे थांबला तो माझ्या कौशल्याने नव्हे, तर मागे जोडलेला, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर गडबडीत खाली सोडला गेला व मातीत रुतला त्यामुळे. शेजारचे काका म्हणाले, "बैल निदान बांध बघून थांबतो तरी." डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, ते एकमेकांना जोडून न ठेवल्यास एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उताराला आडवा तर मी अजूनही चालवत नाही. पाऊस होऊन तांबडी माती टायरच्या खाचांत भरू लागली, की त्या दिवशी ट्रॅक्टर गोठ्याशेजारीच उभा राहतो.