58 कुंड्या आणि दिवसाला 50 लिटर: पावसाच्या खंडातल्या गच्चीची नोंदवही
(सोलापूर, ऑगस्ट ते ऑक्टोबर 2023)

9 ऑगस्ट
जुलैच्या शेवटी पडला तो पडला. त्यानंतर रोज आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि दुपारी दोनला पुन्हा चैत्रासारखं ऊन. एप्रिल-मेची आपली तयारी असते, पण अधिक श्रावणात कोण सावध असतं? हिरवी नेट मी जूनमध्येच घडी घालून माळ्यावर टाकली होती.

बोअर आता दहा मिनिटांत हवा ओढायला लागतो, म्हणून आज पहिल्यांदा पाइपचं पाणी मोजलं. 20 लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. मी रोज वीस मिनिटं पाइप धरून उभी असायचे, म्हणजे 320 लिटर! निम्मं तर गच्चीच्या पन्हाळीतून खालीच जात असणार. नळ चार दिवसांनी येतो आणि त्यातून बागेच्या वाट्याला 200 लिटरचा एक ड्रम. भागाकार करायला कॅलक्युलेटर लागला नाही.

13 ऑगस्ट, रविवार
कुंड्यांना रेशन कार्डं वाटली. पिवळं, केशरी, पांढरं. जुन्या ओढण्यांच्या चिंध्या खोडाला बांधल्या.

पिवळ्यात कढीपत्ता (चौदा वर्षांचा आहे, त्याच्याशी वाद नाही), मोगरा, दोन गुलाब आणि शेवंतीची रोपं. यांना रोज. केशरीत जास्वंदी, तुळस आणि मोठ्या ड्रममधलं कागदी लिंबू. यांना तीन दिवसांनी. पांढऱ्यात सदाफुली, बोगनवेल, कोरफड, अडेनियम. यांना जमेल तेव्हा. अळू, पुदिना आणि उशिरा लावलेली भेंडी यांना कार्डच नाही. भेंडी उपटताना जिवावर आलं, पण फळ धरायला अजून महिना होता आणि तिला रोज दोन लिटर कुठून द्यायचे?

तेरड्यावरून घरात तंटा झाला. तेरड्याइतकं पाणी पिणारं आणि दुपारी मान टाकणारं दुसरं झाड गच्चीवर नाही. मी त्याचं नाव काटलं. सासूबाई म्हणाल्या, “गौरी काय प्लास्टिकच्या फुलावर बसवायच्या का?” तेरड्याला पिवळी चिंधी बांधली.

16 ऑगस्ट
सगळ्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेला एकमेकींना चिकटवून ठेवल्या. तिथे दुपारनंतर सावली येते. मोठ्या बाहेरच्या बाजूला, लहान मध्ये. प्लास्टिकच्या काळ्या पिशव्यांना गोणपाट गुंडाळलं, कारण दुपारी पिशवीला हात लावला तर चटका बसत होता आणि आतली मुळं त्याच तव्यावर होती. मातीवर चार बोटं जाडीचं पाचट घातलं. उसाचं पाचट इथे कुणीही फुकट देतं, फक्त खोडापासून थोडं लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

18 ऑगस्ट
मडक्याचा प्रयोग फसला. मोठ्या ड्रममध्ये, लिंबाशेजारी, घरातला जुना माठ गळ्यापर्यंत पुरला, भरला, वर झाकण ठेवलं (डास होतात, झाकण हवंच). दोन दिवसांनी पाहिलं तर पाणी जवळजवळ तितकंच. बाहेर काढून धुतला तेव्हा कारण कळलं. पाच वर्षं आमचं क्षाराचं पाणी पिऊन त्याची छिद्रं बुजली होती. जो माठ पाणी गार करत नाही, तो झाडालाही पाणी देत नाही.

मग आठवण झाली संक्रांतीच्या सुगडांची. माळ्यावर अकरा निघाली, बिनरंगाची. भरून फरशीवर ठेवली, अर्ध्या तासात नऊ बाहेरून ओलसर झाली. ती नऊ मोगरा, गुलाब आणि शेवंतीत पुरली. एका सुगडात जेमतेम पेलाभर पाणी मावतं, पण ते मुळाशी झिरपतं आणि वरून उडून जात नाही. भोवतीची माती कोरडी असली की जास्त ओढते, ओली असली की कमी, त्यामुळे मोजमाप आपोआप होतं.

21 ऑगस्ट, नागपंचमी
गुलाबाची एक कुंडी रोज पाणी पिऊनही वाळत होती. आज मुळासकट बाहेर काढली. कडेने ओलं आणि मधला गोळा ठाक कोरडा. त्यात कोकोपीट निम्म्याहून जास्त आहे, आणि ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज आत घेत नाही, कुंडीच्या कडेने सरळ खाली सोडतं. आपल्याला वाटतं, झाड पोटभर प्यायलं. अख्खी कुंडी अर्धा तास बादलीत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत. उरलेलं पाणी जास्वंदीला.

25 ऑगस्ट
दुसऱ्या पाण्याचा हिशेब. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं रोज सहा-सात लिटर निघतं, ते पिवळ्या कार्डाला. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फक्त बोगनवेलीला, कारण त्यात क्षार अजून दाट होतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. मशीनचं साबणाचं पाणी नाहीच.

आणि एक मृत्यू. अडेनियम. तहानेने नाही. पांढरी चिंधी असूनही मला त्याची दया आली, चार दिवस लागोपाठ तांब्या-तांब्या ओतला. आज बुंधा दाबला तर बोट आत गेलं. वाळवंटातलं झाड मी पाण्याने मारलं, तेही टंचाईत.

दुपारी मान टाकलेलं झाड बघून पाणी घालणं आजपासून बंद. सकाळी सहाला बघते. तेव्हाही पानं लोंबत असतील तरच तांब्या उचलायचा.

3 सप्टेंबर, रविवार
हवामान खात्याने सांगितलं की देशात 1901 पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट, 36 टक्के तूट. वाचून बरं वाटलं म्हणणं चूक आहे, पण थोडं वाटलं.

जास्वंदीला पिठ्या ढेकूण, गुलाबाच्या पानामागे लाल कोळी. कोरड्या हवेत हे येणारच. खत महिनाभर बंद आहे. पानांची मागची बाजू पंपाने धुते आहे, तेवढ्यापुरतं पाणी खर्च करते.

लिंबाची निम्मी पानं गळली. सांगोल्याचे मामा आले होते, त्यांची डाळिंबाची बाग आहे. मी रडकुंडीला आले होते. ते खोडाला नख लावून म्हणाले, “आत हिरवं हाय की. मेलं म्हणू नगंस, ताण बसलाय त्याला. बहर धरायला आम्ही मुद्दाम पाणी तोडतो, तुझं फुकटात झालं.”

8 सप्टेंबर
पहाटे पडला! उठून गच्चीवर गेले ते तशीच भिजत उभी. मापकात 9 मिमी. एका चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, आमची गच्ची 56 चौरस मीटर, म्हणजे 500 लिटर पाणी आलं आणि माझ्याकडे पाण्याचा ड्रम एकच. सासूबाईंनी घंगाळापासून परातीपर्यंत सगळं बाहेर मांडलं.

मामांनी बजावलं होतं, लिंबाला पहिलं पाणी हलकं द्यायचं, मग वाढवत न्यायचं, एकदम भरपूर नाही. म्हणून लिंबाच्या ड्रमवर ताडपत्री टाकली. पावसात झाडावर ताडपत्री घालणारी बाई म्हणून शेजारच्या गच्चीवरून हसू ऐकू आलं.

1 ऑक्टोबर, रविवार
58 पैकी 49 शिल्लक. आमच्या नळाला पाणी देणारं उजनी धरण काही पूर्ण भरलेलं नाही, त्यामुळे चिंध्या अजून सोडलेल्या नाहीत. तेरडा गौरींना पुरला, शेवंती कळीवर आहे, पुदिना कुठून तरी आपणहून उगवलाय.

लिंबाला कळ्या आल्या. मी 31 मोजल्या, सासूबाईंनी 34. उद्या उजेडात पुन्हा मोजू.