सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग: रीमॅप केलेल्या डिझेल गाडीने, भर मे महिन्यात

फेरी सुमारे सव्वाशे किलोमीटरची: सोलापूरहून तुळजापूर 45, पुढे नळदुर्ग आणि हैदराबाद महामार्गाने परत. गाडी दीड लिटरची टर्बो डिझेल, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क (ओढण्याची ताकद) अंदाजे 25 टक्के वाढवलेला. चार माणसं, एसी चालू, बाहेर 42 अंश.

तामलवाडीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 90 अंशांवर स्थिर. खरी परीक्षा तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात. रीमॅपमुळे गाडी चौथ्या गियरमध्ये 1400 आरपीएमलाही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढ ओढते आणि नेमकं तिथंच इंजिनाचं आयुष्य झिजतं. एवढ्या कमी आरपीएमला टर्बो पुरेशी हवा देत नाही, डिझेल मात्र भरपूर पडतं. मागे काळा धूर निघतो, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ज्वलनाचा सगळा दाब कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि क्लचवर येतो. चौथ्यात कूलंट 98 पर्यंत गेलं. तिसरा टाकून 2200 ते 2600 आरपीएम ठेवल्यावर धूर थांबला, कूलंट 94 वर आलं.

तरीही कूलंटच्या काट्यावर विसंबू नका. पिस्टन आणि टर्बोला मारते ती एक्झॉस्टची उष्णता, ती या काट्यावर दिसतच नाही. टर्बोच्या आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) बसवा. सलग 700 अंशांच्या वर जाऊ लागलं की पाय सैल करा. सोलापूरच्या उन्हात हे लवकर घडतं, कारण तापलेली हवा विरळ असते: डिझेल तेवढंच, ऑक्सिजन कमी.

तुळजापुरात पार्किंगला लागताच चावी फिरवू नका. दोन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो. नळदुर्गचा टप्पा सोपा. किल्ला आणि बोरी नदीवरचा बंधारा पाहून होईपर्यंत इंजिन निवतं. तेव्हा सपाट जागी ऑइलची पातळी बघून घ्या.

निघण्यापूर्वी इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) जाळीतली धूळ हलक्या पाण्याने धुवा. एअर फिल्टर नवा घाला; जुनाच कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ केला तर कागद फाटतो आणि मग धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. ऑइल 10,000 ऐवजी 5,000 किलोमीटरला बदला, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचंच.

रेल प्रेशर सेन्सरला (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) फसवणारा स्वस्त बॉक्स मुळीच लावू नका. ईसीयूला दाब कमी दिसतो म्हणून तो वाढवत राहतो. पंप आणि इंजेक्टर त्यातच जातात. डीपीएफ काढून दिलेला मॅपही नको. रीमॅपने कंपनीची वॉरंटी जाऊ शकते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीत बदल करण्याबाबतचं) प्रश्न येतो, हे पैसे देण्याआधीच लक्षात घ्या.

क्लचची तपासणी घाटाआधी मोकळ्या सपाट रस्त्यावर करा: चौथा गियर, 2000 आरपीएम, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट घसरतेय. तशी गाडी घाटात नेऊ नका.