दुसरी ब्रँच कधी? तुम्ही विचारलंत म्हणून

आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी काउंटरवर कोपर टेकवून विचारतंच, काय शेठ, एवढं चालतंय कॉफीचं दुकान, पुण्याला टाका ना एक, फ्रँचायझी द्या, ते स्टारबक्सवाले बघा कुठल्या कुठे गेले. परवा एक जण मिसळ खाऊन सरळ इकडे आलेला, हाताला तर्रीचा वास तसाच, त्याने तर पाच मिनिटांत मला दुबईपर्यंत नेऊन आणलं. मी हसतो आणि पुढची ऑर्डर घेतो, गर्दीच्या टायमाला हे सांगत बसलो तर दूध उतू जाईल. आज सोमवार आहे, दुकान बंद आहे, तर सांगतोच.

पहिलं म्हणजे भारतात स्टारबक्सची फ्रँचायझी मिळत नाही हो. टाटांबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी आहे त्यांची, पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं, कॉफी टाटांच्याच मळ्यातली. आणि ते "कुठल्या कुठे" जायला किती वर्षं लागली ते कोणी बघत नाही. १९७१ ला सिएटलमध्ये सुरू झाले तेव्हा कपात कॉफी विकतही नव्हते, नुसत्या भाजलेल्या बिया. मग १९८३ ला त्यांच्याकडे नोकरीला असलेला हॉवर्ड शुल्ट्झ इटलीत मिलानला गेला, तिथले एस्प्रेसो बार बघून येडा झाला, जुन्या मालकांना ते काही पटेना म्हणून आधी स्वतःचं वेगळं दुकान काढलं आणि १९८७ ला ती कंपनीच विकत घेतली. अमेरिका-कॅनडाच्या बाहेर पाय ठेवायला १९९६ उजाडलं, म्हणजे पंचवीस वर्षं. माझ्या दुकानाला नऊ झालीत. (त्याच १९९६ ला बंगळुरूत ब्रिगेड रोडला कॅफे कॉफी डे सुरू झालं, म्हणजे आपल्याकडचेही काही मागे नव्हते.)

ते पहिलं बाहेरचं दुकान टोकियोत, गिन्झाला. तिथेही एकटे गेले नाहीत, साझाबी म्हणून तिथलीच कंपनी बरोबर घेतली. तेव्हा जपानी कॅफेत लोक सिगारेट ओढत बसायचे आणि ह्यांनी धूम्रपान बंद ठेवलं, सगळे म्हणाले चालणार नाही, चाललं. जम बसला तसा २०१४ ला भागीदाराचा हिस्सा विकत घ्यायचं ठरलं, सगळं मिळून ९१ कोटी डॉलरच्या आसपासचा सौदा. म्हणजे माहीतगार माणसाचं बोट धरून आत शिरायचं आणि पाय रोवला की मग बोट सोडायचं. हुशार आहेत, मान्य.

पण मला विचाराल तर खरी शिकण्यासारखी गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे, ती कोणीच काढत नाही. २००० साली सिडनीत गेले, आठ वर्षांत ८४ दुकानं टाकली आणि २००८ ला त्यातली ६१ एका झटक्यात बंद केली. कारण काय, तर दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन आणि ग्रीक लोक तिथे जाऊन राहिले, त्यांनी एस्प्रेसोची सवय आधीच लावलेली, गल्लीबोळात कॅफे, कॉफी बनवणारा तुम्हाला नावाने ओळखणार. त्यांच्यासमोर ह्यांनी सिरप घातलेले मोठाले गोड कप ठेवले, तेही महाग. कोण पिणार?

हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, कारण मी आमच्याच शहरात, इंदिरानगरला, दुसरं दुकान टाकून अगदी हेच केलं होतं.

२०२२ च्या दिवाळीनंतर तिकडे एक गाळा घेतला, भाडं ३८ हजार, डिपॉझिट वेगळं. इथे कॉलेज रोडजवळ क्लासची पोरं असतात, एका कॅपुचिनोवर दोन तास काढतील पण पाच मित्र घेऊन येतील. तिकडेही तेच चालणार असं धरून चाललो, तोच मेन्यू, तेच स्टूल, तेच दर, ११० ला कप. दूध, बिया, वीज जाऊन कपामागे सत्तर उरतात, म्हणजे नुसत्या भाड्यासाठी महिन्याला साडेपाचशे कप. कागदावर सोपं वाटलं. समोर चहाची टपरी होती, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवरनं एक रिटायर्ड काका रस्ता ओलांडायला लागले की टपरीवाला बिनसाखरेचा चहा गाळायला घ्यायचा, काका पोचेपर्यंत ग्लास कट्ट्यावर. दहा रुपये. मी काचेतून बघत उभा, एक लाख साठ हजारांचं मशीन तापवून.

एकदा ते काका आले आमच्याकडे, घोट घेतला, म्हणाले छान आहे हो, पण कडू आहे आणि बसायला पाठ टेकत नाही. स्टूल मी पोरांसाठी घेतले होते ना. तेवढ्यावरनं तरी कळायला हवं होतं, मी मात्र स्टूल सोडून मेन्यूत हेझलनट वाढवलं. अकरा महिन्यांत आवरलं. भागीदार होता एक, त्याच्याशी आता नमस्कारापुरतं बोलणं आहे.

मोठ्यांचं वेगळं असतं. इटलीत जायला स्टारबक्सने २०१८ पर्यंत दम धरला आणि गेले तेही साधं दुकान घेऊन नाही, मिलानच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीत मोठी रोस्टरी थाटली, म्हणजे बिया तिथेच भाजून कॉफी देणारं दुकान. भारतातही दहाएक वर्षांनी मसाला चहा, फिल्टर कॉफी आणि छोटा कप आणलाच की. चुकलं तर बदलायला वेळ आहे, चुकत राहायला पैसा आहे. माझं अकरा महिन्यांत सोसायटीचं कर्ज झालं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

तर दुसरी ब्रँच काढलीच तर टपरीवाल्याला आधी महिनाभर बघेन, गिऱ्हाईक किती वाजता येतं, कशावर बसतं. सध्या विचार नाही. इंदिरानगरच्या त्या गाळ्यात आता मोबाईल रिपेअरिंग आहे. मागच्या आठवड्यात बायकोच्या फोनला काच बसवायला गेलो होतो, भिंतीत आमच्या मेन्यूबोर्डाचे चार खिळे तसेच आहेत, त्यांवर चार्जर लटकवलेत. पोराला सहज विचारलं भाडं किती देतोस. एकतीस म्हणाला.