गोल नसलेला बुश: जुन्या सरफेस ग्राइंडरचा स्पिंडल, पुढचा टप्पा

सरफेस ग्राइंडर म्हणजे फिरत्या चाकाने धातूचा पृष्ठभाग सपाट घासणारं यंत्र. त्याचा स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर निघाला. मागच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंगची जोडी आहे, ती ठणठणीत. धुऊन, ग्रीस भरून बाजूला ठेवली.

खरा मामला पुढच्या टोकाला. तिथे ना बॉल, ना रोलर. पातळ भिंतीचा, बाहेरून निमुळता ब्राँझचा एकच बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी), आणि हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या घरात, तो टेकतो फक्त तीन ठिकाणी, लांबीच्या दिशेने गेलेल्या तीन पट्ट्यांवर. नट आवळून आत ओढला की त्या तीन रेषांवर दबतो आणि मधे किंचित फुगतो. मॅकेन्सन पद्धतीचं बेअरिंग ते हेच. दबलेल्या प्रत्येक जागेपाशी फट निमुळती होत जाते, फिरणारा जर्नल (स्पिंडलचा बुशमध्ये बसणारा भाग) तेल तिथे ओढून नेतो आणि तेलाची पाचर तयार होते. तीन बाजूंनी तीन पाचरी स्पिंडलला मधोमध धरून ठेवतात. (या दाबाला कमी लेखू नका. १८८३च्या सुमारास बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने प्रयोगातल्या बेअरिंगच्या भोकात बूच मारलं, तर तेलाने ते बाहेर ढकललं. त्यामागचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्ये मांडलं.)

म्हणून हा बुश रीम किंवा होन करून, म्हणजे आतून कापून-घासून, ‘गोल’ करायचा नाही. तो गोल नसणं हाच त्याचा गुण.

आता मोजमाप, आणि इथे मजा आहे. दोन टोकांचा बोअर गेज (आतला व्यास मोजणारं साधन) आत फिरवला तर सगळीकडे जवळपास एकच आकडा येतो. साहजिक आहे: तीन ठिकाणी दबलेल्या आकारात प्रत्येक खोलगट जागेच्या बरोबर समोर फुगीर जागा येते, त्यामुळे व्यास बदलतच नाही. तीन पायांचा इनसाइड मायक्रोमीटर लावला आणि ६० अंश फिरवला, तेव्हा फरक दिसला. तीनही पट्ट्यांवर दाब बसतोय, बुश जिवंत आहे.

हीच लबाडी जर्नलही करू शकतो, फक्त तिथे ती नको असते. मायक्रोमीटरने तो निर्दोष दिसत होता. ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये (इंग्रजी V आकाराच्या खाचेत) ठेवून मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, दाखवणाऱ्या डायल गेजखाली फिरवला तर काटा ४ मायक्रॉन हलला, फेऱ्यात तीनदा. तीन उंचवट्यांच्या आकाराला असा ब्लॉक दुप्पट करून दाखवतो, म्हणजे खरा दोष २ मायक्रॉन. बिडाच्या, चीर दिलेल्या रिंग लॅपने (घासायच्या कडीने) बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड लावून तो उतरवला. आता काटा जेमतेम एक घर हलतो. लॅपिंगनंतरची धुलाई मात्र कंटाळा येईपर्यंत करावी. ब्राँझमध्ये रुतलेला घासणारा (अ‍ॅब्रेसिव्ह) कण पुढे स्पिंडलच कापत बसतो. याच कारणासाठी पेस्ट लावून बुशमध्ये स्पिंडल फिरवण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही.

बुशमधल्या उथळ गोल रेघा तशाच ठेवल्या, फक्त वर आलेल्या कडा स्क्रेपरने काढल्या. प्रशियन ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून पाहिलं: तीन पट्टे, बऱ्यापैकी सारखे. तेल पोचवणारी वात नवी, लोकरीची.

जुळणीत सगळा खेळ नटचा. निमुळतेपणा १:२०, नटचा पिच १.५ मिमी, म्हणजे पूर्ण फेऱ्याला व्यासात ७५ मायक्रॉन, आणि ५ मायक्रॉनसाठी फेऱ्याचा पंधरावा भाग. बुश लवचीक असल्याने हा आकडा अंदाजापुरताच धरायचा, अंतिम शब्द डायलचा. सध्या स्पिंडलच्या पुढच्या टोकावर वर-खाली १० मायक्रॉनची हालचाल ठेवलीय. एवढ्या फटीत, ५० मिमी जर्नल आणि २८०० आरपीएमला पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ७ मीटरच्या वर जातो; तिथे जाड तेल स्वतःच्याच घर्षणाने तापतं. सरकपट्ट्यांचं (स्लाइडवेचं) ६८ नंबरचं जाड तेल इथे चालणार नाही. व्हीजी १० (जाडीचा नंबर १०) हे पातळ स्पिंडल ऑइल भरलंय.

चाक न चढवता, बेल्ट सैल ठेवून चालवला. हाऊसिंग खोलीपेक्षा १५ अंश तापून स्थिरावलं. गरम असतानाच बंद करून हाताने फिरवला, कुठेही अडकत नाही. आणखी आवळायला वाव आहे, पण तो बेल्ट बदलल्यावर. जुना व्ही-बेल्ट पडून पडून वाकडा झालाय आणि प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो. त्या धक्क्यात फिनिशची चाचणी घेण्यात अर्थ नाही. लिंक बेल्ट (सुटे तुकडे जोडून केलेला) आणला आहे, आधी पुलींची रेष तपासतो.