फोटो स्टॉप : १५ मिनिटं

सेंट पीटर्सबर्गला मराठी ग्रुप नेण्याचं हे माझं नववं वर्ष. चौतीस डोकी. सकाळभर विंटर पॅलेस, म्हणजे अर्धा वेळ रांग आणि स्वच्छतागृहाची चौकशी. दुपारी स्मोल्नी कॅथेड्रल. आमच्या ऑफिसच्या कागदावर त्याच्यापुढे 'फोटो स्टॉप : १५ मिनिटं' एवढंच असतं. ज्यानं हा कागद केला तो तिथे कधी उतरला असेल असं वाटत नाही.

स्थानिक गाईड इंग्रजीत बोलते, मी मराठीत सांगतो. ती 'बरोक' म्हणाली की मी 'थाटाची, नक्षीदार शैली' म्हणतो आणि पुढे जातो. त्या दिवशीही पाठ केलेलं वाक्य टाकलं, "हे इटालियन आर्किटेक्ट रास्त्रेलीने बांधलं, १७४८ पासून, राणी एलिझाबेथच्या काळात." मागून एक काकू, "लंडनची का?" नाही हो, रशियाची; झार पीटर द ग्रेटची मुलगी. हा प्रश्न प्रत्येक ट्रिपला येतो.

पण ग्रुपमध्ये एक निवृत्त कॉन्ट्रॅक्टर काका होते. त्यांनी निळ्या-पांढऱ्या भिंतींचे फोटो काढलेच नाहीत. मान वर करून म्हणाले, "मधला घुमट मूळचा. बाजूचे चार बघा कसे त्याला खेटलेत, श्वास घ्यायला जागा नाही. नकाशा मागाहून बदललाय. कुणी बदलायला लावला?"

मी गाईडला विचारलं. ती पहिल्यांदाच जरा खुलून हसली. रास्त्रेलीच्या मनात एकच मोठा घुमट होता. पाच घुमट राणीनं मागितले, मॉस्कोतल्या जुन्या देवळांसारखे. बापानं राजधानीत डच वळणाचा सरळ, टोकदार मनोरा आणला होता. पीटर अँड पॉल कॅथेड्रलचा मनोरा आजही नदीपलीकडे दिसतो. मुलीला सोनं, खांबांच्या रांगा, पुतळे हवे होते आणि देऊळ मात्र आजीच्या वळणाचं. इटालियन हातानं दोन्ही एकत्र बसवलं. या शहराचा बरोक रोमसारखा का दिसत नाही, ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हे जास्त लागलं.

"आणि हा दरवाजा एवढा मोकळा का?" काकांचा पुढचा प्रश्न. तिथे १४० मीटरचा घंटामनोरा व्हायचा होता. राहूनच गेला. युरोपात 'सात वर्षांचं युद्ध' सुरू झालं, पैसा तिकडे वळला. मग १७६२च्या सुरुवातीला राणी गेली. सकाळी पाहिलेला विंटर पॅलेसही तिच्यासाठीच उठत होता, त्यात राहायला जाणं तिच्या नशिबी नव्हतं. त्याच वर्षी गादीवर आलेल्या कॅथरीनला हा थाट जुनाट वाटायचा. तिनं साध्या, ग्रीक-रोमन वळणाची माणसं लावली, रास्त्रेली बाजूला पडला. स्मोल्नीचा आतला भाग पूर्ण व्हायला १८३५ उजाडलं, तेही दुसऱ्या आर्किटेक्टच्या हातून, स्तासोवच्या.

"मालकीण बदलली की पेमेंट थांबतं," काका म्हणाले. "आमच्याकडे फक्त वास्तुशास्त्रवाला मध्ये येतो."

सगळे हसले. मी हसलो, पण डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं : रास्त्रेलीने बांधलं. अडीचशेहून जास्त माणसांना मी ते सांगितलंय. चूक नाही त्यात. पण बरोबर म्हणायलाही जीभ रेटत नाही.

पंधराची चाळीस मिनिटं झाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बसमध्ये डोकी मोजली, तेहतीस. काका अजून त्या दरवाजाशी उभे, न झालेल्या मनोऱ्याची उंची हातानं हवेत मापत होते.