नाक उताराकडे

पौषातल्या पहाटे सहा वाजता जी गाडी नुसती टक् टक् करून गप्प बसली होती, तीच दुपारी दोन वाजता मेस्त्रींच्या हातात किल्ली जाताच पहिल्या झटक्याला सुरू झाली. मेस्त्रींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर माझ्या ओळखीची होती. ताप आला म्हणून शाळा बुडवलेले मूल दवाखान्यात हसत उभे राहिले की डॉक्टर त्याच्या आईकडे असेच पाहतात. सकाळी हॉर्नसुद्धा घसा बसल्यासारखा वाजत होता आणि सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होते, असे मी जवळजवळ शपथेवर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "दुपारी सगळ्यांच्याच गाड्या शहाण्या असतात."

कोकणात थंडी पडते हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. खाली हर्णै-मुरुडला, समुद्राच्या उबेत, ती खरोखरच बेताची असते. पण दापोली आठशे फुटांवर असल्यामुळे एखाद्या वर्षी पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. त्या पहाटे मी बॉनेट उघडून, काहीही कळत नसताना आत पाहत उभा होतो, तेव्हा गडग्यापलीकडून शेजारचे काका मफलर सावरत प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "आणखी आठ दिवस अशीच टिकली पाहिजे हो." ते हापूसच्या मोहोराबद्दल बोलत होते. ज्या गारठ्याने त्यांच्या कलमांना मोहोर फुटणार होता, त्याच गारठ्याने माझी चिपळूणची गाडी चुकणार होती, आणि या दोन गोष्टींपैकी कोणती महत्त्वाची हे दापोलीत कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता.

लहानपणी थंडीतली गाडी हा आमच्याकडे सगळ्या घराचा कार्यक्रम असे. बाबा प्रथम चोकची मूठ ओढत. थंड हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचे, हे त्यांनी मला मी सहावीत असताना समजावले होते; मात्र किती जास्त, हे त्यांना स्वतःला कधीच साधले नाही. तीन-चार वेळा सेल्फ मारला की अंगणभर पेट्रोलचा वास सुटे आणि आई स्वयंपाकघरातूनच "ओव्हर झाली" असे जाहीर करी. मग बाबा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत आणि वाळवण्यासाठी न्हाणीच्या चुलीच्या काठावर ओळीने मांडून ठेवत. आंघोळीच्या पाण्याच्या हंड्याशेजारी ते चार प्लग देवातल्या टाकांसारखे दिसत. एकदा मी त्यांतला एक चिमट्याने उचलून परसात नेला, तेव्हा मला जी बोलणी बसली त्यांत प्लगपेक्षा चिमट्याचा उल्लेख अधिक होता, कारण चिमटा आईचा होता.

एवढे करूनही गाडी हटून बसली, तर शेवटचा उपाय उताराचा. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारता मारता मनगट मोडण्याची पाळी माणसावरून गेली. पण बाबांचा त्या शोधावर पुरता विश्वास कधीच बसला नाही. रात्री ते गाडी चढावर उलटी नेऊन, तिचे नाक बेड्याकडे (अंगणाच्या फाटकाकडे), म्हणजेच उताराकडे करून लावत आणि चाकाखाली जांभ्याचा एक अर्धा चिरा सरकवत. सकाळी आम्ही भावंडांनी चिरा काढायचा, पाठीमागून रेटा द्यायचा, आणि बाबांनी किल्ली फिरवून, दुसरा गिअर टाकून, गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा. पहिला गिअर का नाही, असे विचारले तर ते म्हणत की पहिल्यात गाडी नुसती आचके देते. लग्नाला गेले तरी कार्यालयाच्या दाराशी मोकळी जागा सोडून ते उतार शोधत फिरत, आणि पंगत बसायची वेळ झाली की आम्हाला त्यांना तिथून बोलावून आणावे लागे.

मेस्त्रींनी मात्र चोक, प्लग असल्या कशालाही हात लावला नाही. त्यांनी इंजिन बंद केले, पाच मिनिटे दिवे लावून ठेवले आणि मग बॅटरीला मीटर लावला. पूर्ण भरलेल्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवायला हवे होते, माझीने १२.१ दाखवले आणि सेल्फ मारताच ती नऊपर्यंत घसरली. टर्मिनलांवर खाऱ्या वाऱ्याच्या कृपेने हिरवट-पांढरा बुरा साठला होता. आधी ऋण, मग धन अशा क्रमाने वायरी सोडवून त्यांनी तो खाण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने धुतला, पण ते काम मयताला आंघोळ घालावी तितक्याच निर्विकारपणे चालले होते. थंडीचा दोष नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बॅटरी मे महिन्याच्या उन्हातच मेलेली असते, आतले पाणी उडते, जाळ्या खराब होतात. थंडीत रसायन मंदावते, ऑइल घट्ट होते, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि मग मालकाला बातमी कळते. म्हणजे सात-आठ महिने मी एका मेलेल्या वस्तूच्या भरवशावर रोज खेर्डीचा चढ चढत होतो.

नवी बॅटरी संध्याकाळी बसली. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला क्लचचे पेडल नाही आणि ती ढकलून सुरू होत नाही, हे मी तिच्या पुस्तिकेत वाचले आहे. सकाळी सहा वाजताही ती उताराकडेच नाक करून उभी होती आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नव्हता. रात्री बायकोने दारातून हाक मारली तेव्हा मी गाडी उलटी घेत चढावर नेत होतो. चिरा तोच आहे, फक्त एका बाजूने बराच झिजला आहे.